टॅबवर नोटेशन लिहायचं तर बोटाने, पेनने की कीबोर्डने? (स्टाफ आणि भातखंडे दोन्ही)

पांढरीचार

नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेत माझा हार्मोनियम आणि गायनाचा क्लास आहे, शिवाय एका शाळेच्या बँडला गाणी बसवून देते. त्यामुळे दोन्ही लिपींशी रोजचा संबंध. क्लासच्या मुलांना बंदिशी भातखंडे पद्धतीने, म्हणजे सा रे ग म अक्षरांत, आणि बँडमधल्या ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाल्यांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य लिपी. स्टाफचं काम घरच्या कॉम्प्युटरवर करते, भातखंडेचं अजूनही वहीत.

आता टॅब घ्यायचा विचार आहे. तालमीत बदल ठरतात ते तिथल्या तिथे व्हायला हवेत. दुसऱ्या क्लॅरिनेटला खालचा गंधार द्यायचं ठरलं की तो त्याच वेळी पानावर दिसला पाहिजे, नाहीतर पुढच्या तालमीला पोरं जुनंच वाजवतात. मैत्रिणीच्या टचस्क्रीन लॅपटॉपवर नोटेशनचं सॉफ्टवेअर उघडून बोटाने सूर टाकून पाहिले. ग वर टेकवलं तर कधी म पडतो, कधी रे. फोनवर एक ॲप उतरवलं, त्यात नोटेशन दिसतं, वाजतं, पण लिहायची सोयच सापडेना.

टॅबवर प्रत्यक्ष लिहिणारं कुणी आहे का इथे? काय वापरता? आणि भातखंडे पद्धतीसाठी टॅबवर काही होऊ शकतं का?

कोमलनिषाद

ताई, ॲपचं आधी सांगतो, कारण हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. म्युझस्कोअर या एका नावाने दोन वेगळ्या गोष्टी फिरतात. एक म्हणजे विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारा मूळ प्रोग्राम. तो फुकट आणि मुक्त स्रोत आहे, त्याची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. दुसरं म्हणजे फोन-टॅबवरचं ॲप, ते लोकांनी चढवलेली नोटेशन्स बघायला आणि ऐकायला आहे. लिहायचं काम पहिल्यातच होतं. त्यामुळे म्युझस्कोअरमध्येच लिहायचं असेल तर टॅब विंडोजचा पाहिजे.

आता बोटाचं. छापील स्टाफची उंची साधारण ७ मिमी. पाच रेघा म्हणजे चार घरं, एक घर पावणेदोन मिमीचं. एका सुरावरून शेजारच्या सुरावर जायला अर्धं घर, म्हणजे एक मिलिमीटरसुद्धा नाही. बोटाचा टेकणारा भाग मात्र ८-९ मिमी असतो. अँड्रॉइडवर कुठलंही बटण किमान ९ मिमीच्या आसपास ठेवा असा गूगलचा संकेत आहे, तो याच कारणाने. म्हणजे स्टाफवर बोट टेकवलंत की त्याखाली अख्ख्या सप्तकाहून जास्त सूर झाकले जातात. त्यातला कुठला हवाय हे सॉफ्टवेअरला कळणार कसं? झूम दुप्पट केला तरी एका सुराच्या वाट्याला पावणेदोन मिमी येतात, आणि तोवर स्क्रीनवर जेमतेम दोन-तीन बार (उभ्या रेघांनी पाडलेले मात्रांचे भाग) उरतात.

आणखी एक फरक आहे. माऊसचं टोक क्लिक करण्याआधीच दिसतं. सूर कुठे पडणार ते बहुतेक प्रोग्राम फिकट रंगात दाखवतात, ते बघून हात थांबतो. बोटाला ती संधी नाही, टेकलं की पडलं. शिवाय जिथे बघायचं तीच जागा बोटाखाली झाकलेली. म्हणून माऊससाठी लिहिलेला प्रोग्राम टचस्क्रीनवर उघडतो एवढ्यावरून त्याला टच सपोर्ट आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

बँडवाला_लक्ष्मीपुरी

ताई, लग्नसराईत आमच्याकडं नवीन गाणी लई उतरवावी लागतात, त्यामुळं ह्या विषयात हात चालू असतोय. विंडोज टॅब घेणार असाल तर एक गोष्ट कराच. ब्लूटूथचा नुसत्या आकड्यांचा छोटा कीपॅड मिळतोय, हिशोबवाले वापरतात तो. तो डाव्या हाताखाली ठेवायचा, उजव्या हातात पेन. सुराची लांबी आकड्यानं, सुराची जागा पेनानं. पडद्यावरच्या बारक्या बटणांकडं बघायचीच गरज पडत नाही.

फक्त आकडे पाठ करताना ध्यानात ठेवा, प्रत्येक सॉफ्टवेअरचा आकडा वेगळा हाय. क्वार्टर नोट, म्हणजे आपली एक मात्रा, म्युझस्कोअरमध्ये ५ वर, सिबेलियसमध्ये ४ वर, डोरिकोत ६ वर. एकावरनं दुसऱ्यावर गेलं की हात आठ दिवस अडखळतोयच.

शाहूपुरीकर

मी व्हायोलिन शिकवतो आणि गेली काही वर्षं आयपॅडवर लिहितो. आयपॅडवर खरोखर लिहिता येतं. सिबेलियस आणि डोरिको दोन्ही जुलै २०२१ मध्ये आयपॅडवर आले, तेही एकाच महिन्यात. दोघांच्याही मर्यादित सोयींच्या फुकट आवृत्त्या आहेत, पूर्ण सोयींना पैसे भरावे लागतात. आधी फुकटातलं वापरून बघा आणि मगच पैसे घाला.

या दोघांची विचार करायची पद्धत वेगळी आहे, आणि टॅब घेण्याआधी ती समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. डोरिकोमध्ये स्टाफवर नेम धरायची गरजच ठेवलेली नाही. स्क्रीनच्या खालच्या भागात पियानोच्या पट्ट्या येतात, गिटारवाल्यांना गिटारची पाटी, तालवाद्यांना चौकोन. लांबी निवडायची, पट्टी दाबायची, सूर आपोआप कर्सरच्या जागी जाऊन बसतो. वरचा स्टाफ फक्त बघायला. कोमलनिषाद यांनी जो एक मिलिमीटरचा हिशोब मांडला त्याला हे सरळ उत्तर आहे. शिवाय मधल्या सुराची लांबी बदलली की तालाची मांडणी तो स्वतः सांभाळतो, टाय (एकाच सुराच्या दोन खुणा जोडणारी कमान) वगैरे जिथे लागतील तिथे घालतो. तालमीत घाईने बदल करताना याचं मोल कळतं.

सिबेलियसमध्ये आयपॅडच्या पेन्सिलने स्टाफवर सूर ठेवता येतो आणि टेकवलेली पेन्सिल तशीच सरकवून तो नीट जागेवर नेता येतो. लांबी-खुणांचा कीपॅड बाजूला असतो. ज्यांचा हात कॉम्प्युटरवरच्या सिबेलियसला बसलेला आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल, कारण तो कीबोर्डच्या आकड्यांच्या भागासारखाच मांडलेला आहे.

तिसरं स्टाफपॅड. हे २०१५ मध्ये पेनवाल्या विंडोज टॅबसाठी आलं आणि २०२० मध्ये आयपॅडवर. यात तुम्ही कागदावर लिहिता तसं हाताने लिहायचं, बारच्या बाहेर टेकवलं की ते अक्षर वाचून छापील करून देतं. यात बोटाने सूर लिहिताच येत नाही. बोट पान सरकवायला आणि मोठं करायला, पेन लिहायला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. बोट आणि पेन यांची कामं एकदा वेगळी केली की चुकून पडणारे सूर जवळजवळ थांबतात. मात्र अक्षर नेटकं लागतं, आणि बारमधल्या मात्रा पुऱ्या भरल्या पाहिजेत. सुचेल तसं खरडणाऱ्याचं हे काम नाही.

पांढरीचार

खूप उपयोगी माहिती, धन्यवाद. पण नवा आयपॅड आणि वर पेन्सिल हे माझ्या क्लासच्या जमाखर्चात बसणं अवघड आहे. अँड्रॉइड टॅबवर काय पर्याय? आणि बाजारात रबरी टोकाचं स्वस्त पेन मिळतं त्यावर भागेल का?

कोमलनिषाद

रबरी टोकाच्या पेनचा उपयोग होणार नाही, ताई. स्क्रीनच्या दृष्टीने ते पेन म्हणजे आणखी एक बोट. टोकही जाड आणि तळहात टेकला तर तोही स्पर्श धरला जातो. लिहिताना हात स्क्रीनवर विसावता यायला हवा. त्यासाठी स्क्रीनला पेन आणि तळहात यातला फरक ओळखता आला पाहिजे, आणि तो ॲक्टिव्ह पेन असेल तरच ओळखता येतो.

अँड्रॉइडमध्ये सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत एस पेन असतं. ते वॅकॉम कंपनीच्या तंत्रावर चालतं. स्क्रीनच्या मागे तारांची जाळी असते, तिच्या चुंबकीय क्षेत्रातून पेनला लिहिण्यापुरती ऊर्जा मिळते, म्हणून लिहायला बॅटरी लागत नाही. आपल्याकडे याचा एक वेगळाच फायदा आहे. पावसाळ्यात ओल्या हाताने टॅब धरला किंवा मांडवात चार थेंब स्क्रीनवर पडले की बोटाचा स्पर्श वेडावाकडा होतो, कारण पाण्याचा थेंबही स्क्रीनला बोटासारखाच वाटतो. या पेनला त्याने फरक पडत नाही. जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात तालमी करणाऱ्याने हे जरूर बघावं. असा टॅब जुना, चांगल्या स्थितीतला मिळाला तरी चालेल, फक्त पेन मूळचं आहे ना ते तपासा.

अँड्रॉइडवर स्टाफ लिहायला फ्लॅट नावाचं ॲप बघा, किंवा ब्राउझरमध्ये चालणारं नोटफ्लाइट. दोन्ही मोठ्या बँडसाठी अपुरी वाटतील, शाळेच्या बँडला पुरतात. फ्लॅटमध्ये स्क्रीनवर पट्ट्या येतात, त्यामुळे नेम धरायचा प्रश्न तिथेही सुटतो. आणखी एक, अँड्रॉइड ६ पासून मिडीची, म्हणजे वाद्याचे सूर संकेत म्हणून घ्यायची, सोय आतच आहे. ओटीजी केबलने छोटा पंचवीस पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड जोडा, ॲप तो ओळखत असेल तर सूर थेट वाजवून टाकता येतात. तुम्ही हार्मोनियम वाजवता, तुम्हाला हे सगळ्यात जलद पडेल.

बँडवाला_लक्ष्मीपुरी

एक सांगायचं राहिलं. कुठलंही ॲप घ्या, पण म्युझिकएक्सएमएलमध्ये, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधनं दुसऱ्यात न्यायच्या सामाईक फाइलीत, नोटेशन बाहेर काढता येतं का ते आधी बघा. नसेल तर हात लावू नका. फिनाले बघा की. १९८८ पासूनचं सॉफ्टवेअर, जगभर छापखान्यात वापरलं जायचं, आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कंपनीनं जाहीर केलं की आता पुढं काम बंद. ज्यांनी वर्षानुवर्षं फक्त त्याच्याच फाइली ठेवल्या होत्या त्यांना सगळं बदलून घेत बसायला लागलं. म्युझिकएक्सएमएल २००४ पासून हाय, म्युझस्कोअर, डोरिको, सिबेलियस, स्टाफपॅड सगळ्यांना वाचता येतंय. टॅबवर कच्चं लिहा, घरी कॉम्प्युटरवर सजवा. मधला पूल हाच.

बँडसाठी टॅबवर लिहिताना 'कॉन्सर्ट पिच' चालू ठेवा. ट्रम्पेट, क्लॅरिनेट बी फ्लॅटचे, त्यांच्या पानावर सूर एक टोन वर लिहिलेला लागतोय. ऑल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याला आणखी वर, सहाव्या सुरापर्यंत. हे मनात करत बसायचं नाही. सगळं खऱ्या सुरात लिहायचं, प्रत्येकाचं पान सॉफ्टवेअर आपोआप बदलून देतंय. पोरांच्या हातात पान देण्याआधी मात्र ते बटण बंद केलंय का बघा.

तानपुरा_मिरज

मला वेगळं वाटतं. एवढ्या सॉफ्टवेअरच्या मागे कशाला लागायचं? मी वहीतल्या पानाचा फोटो काढून पीडीएफ करतो आणि टॅबवर पेनने त्याच्यावरच लिहितो. आयपॅडवर फोरस्कोअर, अँड्रॉइडवर मोबाइलशीट्स. खोडता येतं, रंग बदलता येतो, रागानुसार याद्या करता येतात. ब्लूटूथ पेडल जोडलं की हार्मोनियमवरून हात न काढता पान उलटतं. पेडल म्हणजे टॅबच्या लेखी नुसता कीबोर्ड, बाणाची कळ दाबल्यासारखं. माझं सगळं काम यात होतं.

शाहूपुरीकर

वाचण्यासाठी हे उत्तमच आहे, मीही तेच करतो. पण शाईने लिहिलेला सूर टॅबला कळत नाही, तो चित्रच राहतो. तो वाजत नाही, पट्टी बदलत नाही, दुसऱ्या क्लॅरिनेटचं पान वेगळं काढता येत नाही. बँडसाठी हे अडतं. तुम्ही सरगम लिहिता, तिथे सा हलता असतो. काळी एक असो की पांढरी चार, लिहिलेलं तेच राहतं. म्हणून तुम्हाला पट्टी बदलायची गरज भासत नाही आणि चित्रावर भागतं.

वाचण्याचं निघालंच आहे तर स्क्रीनच्या आकाराबद्दल बोलतो, कारण टॅब घेताना लोक नुसते इंच बघतात. ए-फोर कागद २१० मिमी रुंद. १२.९ इंची आयपॅड उभा धरला तर स्क्रीन साधारण १९७ मिमी रुंद, म्हणजे पान जवळजवळ पूर्ण आकारात. १०.९ इंचीवर रुंदी १५८ मिमी, पान तीन चतुर्थांश होतं आणि ७ मिमीचा स्टाफ सव्वापाच मिमीचा. बहुतेक अँड्रॉइड टॅब लांबुडके असतात, ११ इंच म्हटलं तरी रुंदी १४८ मिमीच्या आसपास, म्हणजे आणखी बारीक. दोघांनी एका स्टँडवरून वाचायचं असेल तर हे पुरत नाही. अशा वेळी पान छापतानाच छोट्या कागदाच्या मापाने मांडावं, समासही कमी ठेवावेत.

विलंबित

सगळं वाचतो आहे. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, कोल्हापुरातल्या देवल क्लबच्या मैफिली ऐकत वाढलो. तुमची चर्चा चांगली चालली आहे, पण पांढरीचार यांच्या शेवटच्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही. भातखंडे पद्धतीचं काय?

स्टाफच्या सॉफ्टवेअरमध्ये बंदिश घालून ती स्टाफवर काढून देणं म्हणजे स्वरलिपी नव्हे. आपल्याला काय लागतं ते नीट सांगतो, म्हणजे करणाऱ्याला कळेल. कोमल सुराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. एका मात्रेत दोन, तीन, चार सूर आले तर त्यांच्याखाली अर्धचंद्र. सूर लांबला तर आडवी रेघ, अक्षर लांबलं तर अवग्रह. कण सुरासाठी मूळ सुराच्या डोक्यावर बारीक अक्षर, मींडेला वरून कमान, कंसातला सूर वेगळाच. वर तालाचे विभाग, समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे. आणि मुख्य म्हणजे सुराची ओळ आणि त्याखाली शब्दांची ओळ, मात्रेखाली मात्रा. ही ओळ अर्ध्या घराने जरी सरकली तरी विद्यार्थी सम चुकतो.

अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीतली एखादी विलंबित बंदिश कागदावर पूर्ण उतरेल असं मी म्हणत नाही. सांगाडा उतरतो, बाकी गुरूसमोर बसून घ्यावं लागतं. पण सांगाडा तरी बिनचूक उतरावा. पंडित भातखंडे (१८६०-१९३६) यांनी गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवून त्या लिपीत बांधल्या म्हणून आज त्या आपल्या हातात आहेत. टॅबवाल्यांनी याच्याकडे दुय्यम म्हणून बघू नये.

कोमलनिषाद

काका, दुय्यम अजिबात नाही. उलट टचस्क्रीनला आपली सरगम स्टाफपेक्षा कितीतरी जास्त मानवते, आणि हे मला या धाग्यावर मुद्दाम मांडायचं होतं.

स्टाफमध्ये सूर म्हणजे उभी जागा. ती जागा मिलिमीटरपेक्षा कमी अंतराने बदलते, म्हणून बोट चुकतं. सरगममध्ये सूर म्हणजे अक्षर. अक्षराला बटण देता येतं, बटण हवं तेवढं मोठं करता येतं. काळ दाखवायला मात्रेचं घर असतं, तेही मोठं करता येतं. तीनतालाचे सोळा रकाने ११ इंची टॅब आडवा धरून मांडले तर एक रकाना सुमारे १४ मिमीचा होतो. बोटाला आरामात पुरतो. स्टाफवाल्यांना स्क्रीनवर खास पट्ट्या आणाव्या लागल्या, आपली लिपी मुळातच घरांची आणि अक्षरांची आहे.

आज काय करता येतं ते सांगतो. खुणांसाठी वेगळा फाँट शोधायची गरज नाही, युनिकोडमध्येच (सगळ्या लिपींच्या अक्षरांची संगणकासाठीची सामाईक यादी) वैदिक स्वरांच्या खुणा आहेत. अनुदात्ताची आडवी रेघ कोमलला चालते: रे॒ ग॒ ध॒ नि॒. युनिकोडमध्ये उदात्त या नावाने असलेली उभी रेघ तीव्राला: म॑. तारेला अनुस्वार: सां रें गं. मंद्राला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब: प़ ध़ ऩि. इथे क्रम पाळा. नुक्ता व्यंजनानंतर लगेच, मात्रेच्या आधी. अनुस्वार आणि अनुदात्त दोन्ही असतील तर आधी अनुस्वार. उलट केलं तर काही फाँटमध्ये ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटतं.

हे क्रम रोज कोण लक्षात ठेवणार? म्हणून स्वतःचा कीबोर्ड करायचा. कीमॅन नावाचं फुकट साधन आहे, त्यात टॅबसाठी आपल्या मनासारखी बटणं मांडता येतात आणि ती अँड्रॉइड, आयपॅड, विंडोज सगळीकडे चालतात. बटण दाबून धरलं की पर्याय उघडतात. नव्या आवृत्त्यांत बटणावर बोट वर किंवा खाली सरकवूनही वेगळं अक्षर मिळतं. माझा बेत असा: सात मोठी बटणं, नुसतं दाबलं की शुद्ध. वर सरकवलं की तार, खाली सरकवलं की मंद्र. धरून ठेवलं की कोमल किंवा तीव्र. सप्तक वर-खाली आणि बोटही वर-खाली, शिकवायला काही उरतच नाही.

अर्धचंद्र हा खरा अडथळा. युनिकोडमध्ये दोन अक्षरांना जोडणारी खालची कमान आहे, पण ती दोघांपुरतीच, तीन-चार सुरांखाली ताणली जात नाही.

पांढरीचार

हे वाचून लगेच बसले. कीबोर्ड अजून नाही, पण फोनवरून नेहमीच्या मराठी कीबोर्डने स्प्रेडशीटमध्ये तीनताल मांडून पाहिला. सोळा रकाने, चार-चारांनंतर जाड रेघ, वर X २ ० ३. पहिली ओळ सुरांची, दुसरी शब्दांची. यमनचा साधा अवरोह घातला, सां नी ध प म॑ ग रे सा, प्रत्येकाला एक घर. घराला टॅप करायचं, लिहायचं, पुढच्या घराला टॅप. एकदाही चुकीच्या घरात सूर पडला नाही. शब्दांची ओळ मात्रेखाली आपोआप बसते, काकांनी सांगितलेली सरकायची भीती नाही.

अर्धचंद्राबद्दल मला असं वाटतं की एक घर म्हणजे एक मात्रा हे ठरलं की घरात गम किंवा पधनिसां लिहिलं तरी ते एका मात्रेतलेच आहेत हे घराच्या चौकटीवरूनच कळतं. क्लासमध्ये मुलांना तेवढं पुरेल. परीक्षेच्या मुलांना अर्धचंद्र हवाच, तर पीडीएफ काढून त्यावर पेनने ओढेन. कण आणि मींडही तशीच. मिरजकरांची शाईची पद्धत इथे कामी येईल.

काका, हे चालेल ना?

विलंबित

चालेल. विभागांच्या जाड रेघा ठेवल्यास हे बरं केलंस. एक सूचना, विलंबित एकतालाला बारा रकाने करू नकोस. एका मात्रेत इतकं काही असतं की घर पुरणार नाही. एका ओळीत एक विभाग, म्हणजे दोनच मात्रा, आणि मात्रेचे चार भाग करून आठ घरं. ताल सहा ओळींत संपेल, पान लांबेल, पण वाचणाऱ्याला श्वास घेता येईल.

शाहूपुरीकर

आणि बँडच्या गाण्यांना मराठी शब्द घालणार असाल तर म्युझस्कोअरमध्ये शब्दांचा फाँट बदला. मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळाच दिसतो. मुक्त किंवा नोटो देवनागरी ठरवून टाका. शब्द तोडताना जोडाक्षर मध्येच तोडू नका, पुढच्या सुरावर जायला स्पेस, त्याच शब्दाचं पुढचं अक्षर असेल तर आडवी रेघ. टॅबवर हे काम करू नये असं माझं मत आहे. स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडला की अर्धं पान झाकलं जातं आणि नेमका तोच स्टाफ दिसेनासा होतो.

पांढरीचार

शब्द घरीच घालेन मग. टॅबपुरतं माझं ठरलं: एस पेनवाला जुना टॅब, बँडसाठी फ्लॅट आणि पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड, घरी म्युझस्कोअर, मध्ये म्युझिकएक्सएमएल. क्लाससाठी तालांचे तक्ते. कोमलनिषाद, कीबोर्ड तयार झाला की इथे टाकाल का? तीनताल, झपताल, एकताल, रूपक आणि दादऱ्याचे कोरे तक्ते मी टाकते.

कोमलनिषाद

नक्की टाकतो. आधी अँड्रॉइडवर तपासून घेतो. धरून ठेवायचा वेळ किती असावा हे वापरून बघितल्याशिवाय कळणार नाही. वेळ जास्त ठेवला तर तोडी राग लिहिताना कंटाळा येईल, तिथे कोमल सूरच जास्त. कदाचित कोमल-तीव्रासाठी बाजूला एक वेगळं बटण देईन. पलुस्कर पद्धत ही आपली दुसरी स्वरलिपी, तिच्या खुणा वेगळ्या आहेत, तिचा आराखडा वेगळा लागेल. विलंबित काका, तुम्ही कागदावर काढून फोटो टाकलात तर तोही करतो.

विलंबित

उद्या काढून ठेवतो. नातवाकडून फोटो पाठवतो.

बँडवाला_लक्ष्मीपुरी

ताई, टॅब घ्यायच्या आधी रविवारी सकाळी आमच्या तालमीला या. माझ्याकडं विंडोज टॅब, पेन, कीपॅड सगळं हाय, एका पोराकडं एस पेनवाला टॅब बी हाय. दोन्ही हातात घेऊन एकेक पान लिहून बघा. शाहूपुरीकर सर, जमलं तर आयपॅड घेऊन तुम्ही पण या.

शाहूपुरीकर

दहापर्यंत येतो. पेडलही आणतो.